सिंगल बोर्ड संगणकातील सिरियल संप्रेषण व प्रेषण-वेळेचे नियंत्रण : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
संगणकाच्या इतिहासलेखनात प्रोसेसरचा वेग व स्मृतीची क्षमता यांना जे स्थान मिळते, ते 'केव्हा पाठवावे' या साध्या प्रश्नाला मिळत नाही. वस्तुतः असमकालिक सिरियल संप्रेषणात घड्याळाची स्वतंत्र तार नसते. ठरलेला काळ पाळणे हाच प्रेषक व ग्राहक यांच्यातील करार असतो. हा काळ राखण्याची जबाबदारी कोणाकडून कोणाकडे गेली, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात केआयएम-१ व रास्पबेरी पाय या दोन सिंगल बोर्ड संगणकांच्या आधारे घेतला आहे.

पार्श्वभूमी :
१९६३ मध्ये आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र ११० बॉड वेगाने चाले. एक प्रारंभ बिट, आठ डेटा बिट व दोन समाप्ती बिट अशा ११ बिटांचे एक अक्षर होई. म्हणजे सेकंदाला १० अक्षरे. येथे काळ राखीत असे ती फिरणारी मोटर. प्रत्येक प्रारंभ बिटापासून ग्राहक नव्याने मोजणी करीत असल्याने किरकोळ चूक साचत नसे. १९७१ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटलने हेच कार्य एका चिपमध्ये आणले. तिला यूएआरटी असे म्हणतात.

केआयएम-१ : प्रोग्रामच्या हाती काळ
मॉस टेक्नॉलॉजीच्या १९७६ मधील केआयएम-१ वर यूएआरटी नव्हती. १ मेगाहर्ट्झवर चालणारा ६५०२ प्रोसेसर स्वतःच विलंब मोजून एकेक बिट तारेवर ठेवीत असे. ११० बॉडला एका बिटासाठी सुमारे ९.०९ मिलिसेकंद लागत. वेग ओळखण्याची युक्तीही उल्लेखनीय होती. वापरकर्त्याने 'रबआउट' कळ दाबावी. त्या अक्षराचे सर्व डेटा बिट १ असल्याने केवळ प्रारंभ बिट तेवढा शून्य राही, व त्याची लांबी मोजून प्रोग्राम आपला वेग ठरवी. प्रेषण चालू असता प्रोसेसर अन्य काम करू शकत नसे. परंतु पुढील बिट केव्हा जाईल हे निश्चितपणे सांगता येई.

रास्पबेरी पाय : सोय आणि अनिश्चितता
२०१२ मधील रास्पबेरी पायवर पीएल०११ व मिनी यूएआरटी असे दोन विभाग होते. बिटाचा काळ आता हार्डवेअर राखू लागले. तथापि २०१६ च्या पाय ३ मध्ये पीएल०११ ब्लूटूथकडे गेला व बाहेरील पिनांवर मिनी यूएआरटी आली. तिचा वेग गाभ्याच्या घड्याळावर अवलंबून असल्याने ते घड्याळ बदलताच बॉडही बदले. म्हणून ते स्थिर ठेवावे लागे.

खरी कसोटी लागते ती १९८३ च्या आरएस-४८५ मानकावर आधारित दोन-तारी जाळ्यात. येथे सर्व उपकरणे एकाच तारजोडीवर बोलतात. पाठवताना चालक सुरू करावा लागतो व अखेरच्या समाप्ती बिटानंतर तो तत्काळ बंद करावा लागतो. तो लवकर सुटल्यास शेवटचे अक्षर तुटते. उशिरा सुटल्यास समोरच्या उत्तराशी टक्कर होते. लिनक्समध्ये लेखनाची आज्ञा पूर्ण झाली म्हणजे माहिती तारेवर गेली असे नव्हे. ती केवळ बफरमध्ये पोहोचलेली असते. ९६०० बॉडला १० बिटांच्या अक्षरास सुमारे १.०४ मिलिसेकंद लागतात; १६ अक्षरांची रांग भरलेली असल्यास ती रिकामी होण्यास १६ मिलिसेकंदांहून अधिक काळ जातो. रांग रिकामी होईपर्यंत थांबले तरी चालक बंद करण्याची पाळी प्रोग्रामला नेमकी केव्हा मिळेल, हे कार्यप्रणाली ठरवते. याउलट १९७९ च्या मॉडबस पद्धतीत दोन संदेशांमध्ये साडेतीन अक्षरांची शांतता अपेक्षित असते. ९६०० बॉडला ती जेमतेम ४ मिलिसेकंद भरते.

यावर चालकाचे नियंत्रण कर्नलकडे अथवा स्वतंत्र परिपथाकडे सोपविण्याचे उपाय पुढे आले. २०२४ मध्ये तत्काल-प्रतिसादाची सुविधा मुख्य लिनक्स कर्नलमध्ये समाविष्ट झाल्याने विलंबाला मर्यादा घालणे सुकर झाले.

निष्कर्ष :
काळाचे नियंत्रण मोटरकडून प्रोग्रामकडे, प्रोग्रामकडून चिपकडे गेले. मात्र प्रेषण केव्हा सुरू व्हावे आणि केव्हा थांबावे, हा निर्णय कार्यप्रणालीच्या सोयीवर राहिला. वेग हजारपटींनी वाढला, पण निश्चितता त्या प्रमाणात वाढली नाही. प्रयोगशाळेत शेवटचे अक्षर गळाले की विद्यार्थी प्रथम वायर बदलतो, कारण बॉड हा केवळ भरावयाचा आकडा आहे असे आपण त्यास शिकविले आहे. ऑसिलोस्कोपवर चालकाचा संकेत व अखेरचा बिट शेजारी शेजारी दाखविल्यास हा इतिहास त्यास एका दृष्टिक्षेपात कळेल. अभ्यासक्रमात त्यास स्थान मिळणे अगत्याचे वाटते.