सागरमाळावरची भाकरी

आमच्या घरात शिक्षणाचा विषय निघाला की तो फिरून फिरून जेवणावर येतो. कोण कुठल्या वर्गात पास झालं याचे कागद ट्रंकेच्या तळाशी असतील कुठंतरी, पण कोण कुणाच्या भाकरीवर शिकलं हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ. आजोबांचं बोर्डिंग, नानांची, म्हणजे काकांची, एसटी, आत्याचा मिलो. माझ्या वाट्याला आली मेस, आणि मेसबद्दल तक्रारीपलीकडं सांगण्यासारखं काही नसतं. म्हणून मी त्यांच्याच गोष्टी सांगते.

आमचं गाव पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला. तिथनं कोल्हापूर सहा-सात कोस. आजोबा चालत जायचे, खांद्यावर तांदळाचं गाठोडं आणि त्यावर बांधलेली दशम्यांची फडकी. हे गाठोडं बोर्डिंगच्या कोठीत घालायचं, असं ते सांगत. कधी सांगताना गाठोड्याचं पोतं व्हायचं आणि पोत्याखाली बैल यायचा. आजी चुलीपाशी बसून म्हणायची, ‘‘बैल कुठला? बैल तवा हुता का आपल्याकडं?’’ मग बैल जायचा आणि गाठोडं परत खांद्यावर यायचं.

पण बोर्डिंग खरं. त्या काळी ब्राह्मणाच्या गरीब मुलाला शहरात निदान वार लावून जेवायची सोय असे. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या पोराला कोण वार देणार? शाळा उघडी होती, पण रात्री पाठ टेकायची कुठं आणि सकाळी तोंडात काय घालायचं, इथंच गाडी अडायची. शाहू महाराजांनी ही अडचण नेमकी हेरली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, मुसलमान, लिंगायत अशी एकामागून एक निघत गेली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. दसरा चौकात उभं राहून मान फिरवली तर अजूनही या बोर्डिंगांच्या इमारती नजरेस पडतात. विद्यापीठ यायला अजून पन्नास-साठ वर्षं होती, पण माझ्या मते कोल्हापूरचं विद्यापीठ खरं तिथंच सुरू झालं, त्या पंगतींत.

कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट आजोबा आपल्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगत. खरं तर ती त्यांच्या जन्माच्या आसपासची. भाऊराव कोल्हापुरात शिकायला होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले, परत आल्यावर राहत्या बोर्डिंगातले लोक शुद्ध व्हायला अंघोळ कर म्हणाले तर करेनात, म्हणून तिथून बाहेर पडावं लागलं. मग महाराजांनीच त्यांना आसरा दिला. त्याच भाऊरावांनी पुढं साताऱ्यात बोर्डिंग काढलं, आणि पोरांना खायला घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. इथं आजोबा थांबायचे आणि आजीच्या गळ्याकडं बघायचे. आजी म्हणायची, ‘‘हिकडं बघू नका.’’

आजोबांच्या वेळी राजाराम कॉलेजात ना. सी. फडके तर्कशास्त्र शिकवायचे. त्यांच्या तासाला बाहेरची पोरंही खिडकीशी उभी राहत, असं आजोबांचं सांगणं. स्वतः आजोबा वर्गात होते की खिडकीशी, हे त्यांनी शेवटपर्यंत मोघमच ठेवलं. त्यांच्या हातून कॉलेज पुरं झालं नाही एवढं खरं. फडक्यांच्या कोटाचं वर्णन मात्र इतकं बारीक करायचे की खिडकीजवळचीच जागा असावी.

१९६२ पर्यंत आमच्या भागातली कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. पदवी पुण्याची, परीक्षेचा कागद पुण्याचा. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार, इतिहासाचे माणूस. ताराबाईंच्या काळातली कागदपत्रं शोधून छापणाऱ्या या माणसाच्या हाती विद्यापीठासाठी सागरमाळ आला. आता तिथं झाडी आहे, मोर आहेत. तेव्हा नुसता उघडा माळ, वारा आणि कुसळं. नाना सांगतात, आभाळात ढग आला तरी माळावर त्याची सावली एकटीच फिरताना दिसायची, आडोसा म्हणून नाहीच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि खाली अख्खी रत्नागिरी, एवढ्या मुलखातली पोरं या माळावर येऊ लागली. कोकणातल्या पोराला भाकरी जड जायची आणि सोलापूरच्या पोराला भात म्हणजे जेवणच वाटायचं नाही.

नाना एम. ए.ला गेले ते सहासष्टात. फीचा प्रश्न ईबीसीच्या सवलतीनं सोडवला होता. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना ही सवलत निघाली, घरचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या आत असलं की फी माफ. आमच्या घरात आकडा सांगतात तो बाराशेचा. तलाठ्याकडून तसा दाखला आणायचा, तर आजोबा चावडीत जायला तयार होईनात. वर्षाला बाराशेच्या आत मिळवतो असं गावात लिहून द्यायचं? ‘‘मी काय भिकारी हाय?’’ शेवटी आजी म्हणाली, ‘‘बाराशेच्या वर मिळवताय तर दावा की मला एकदा.’’ दाखला त्याच दिवशी आला.

फी सुटली, पण पोट उरलंच. मेसचे पैसे दर महिन्याला रोख कुठून आणायचे? त्यावर तोडगा होता एसटी. गावात मुक्कामी गाडी सुरू झाली होती. ती रात्री देवळापाशी उभी राही, पहाटे कोल्हापूरला निघे. ड्रायव्हर-कंडक्टरांना रात्री कुणाकडनं तरी कालवण-भाकरी मिळेच, त्यामुळं त्यांनी डबे न्यायला कधी कुरकूर केली नाही. एकट्या आमच्या गावाचे आठ-दहा डबे असत, ड्रायव्हरच्या मागं दाटीवाटीनं ठेवलेले. मांजरपाटाच्या पिशव्या, त्यावर पोरांची नावं. आजीला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं तांबड्या दोऱ्यानं तुळशीवृंदावन भरलं होतं. कंडक्टर स्टँडवर हाक द्यायचा, ‘‘तुळशीवाले, डबा!’’ नानांना मित्र अजून तुळशीवाले म्हणतात.

सागरमाळावरून सायकलनं स्टँडवर जायची पोरांची पाळी लावलेली. हँडलला दोन्हीकडं डबे, कॅरिअरला डबे. खड्ड्यातून सायकल गेली की कुणाची तरी आमटी कुणाच्या तरी भातात. संध्याकाळी त्याच गाडीला रिकामे डबे परत. डब्यात भाकरी, खर्डा, मटकी नाहीतर वांगं, शेंगदाण्याची चटणी. पैसे पाठवायचे असले तर नोट चतकोर घडी करून सगळ्यात खालच्या भाकरीखाली. एकदा दोनाची नोट नानांच्या घासातच आली. ती वाळवून चालली का, याबद्दल नाना आणि बाबा यांच्यात मतभेद आहेत.

नानांचा रूम पार्टनर माणदेशातला. साताऱ्याला कर्मवीरांनी १९४७ मध्ये काढलेल्या शिवाजी कॉलेजात तो कमवा आणि शिका करून बी. ए. झालेला. खोरं-टिकाव चालवून हाताला घट्टे पडलेले. एवढ्या लांबून त्याचा डबा यायचा कसा? तो एक वेळ खानावळीत जेवायचा आणि दुसऱ्या वेळी भूक नाही म्हणायचा. नानांनी काही न बोलता डबा मध्ये ठेवायला सुरुवात केली. दोन वेळांची भाकरी एका वेळी दोघांत संपायची.

दिवाळीनंतर पार्टनर गावाहून आला तो हुलगे घेऊन. त्या संध्याकाळी नानांनी डबा पिशवीत घातला तर उचलताना जड लागला. पार्टनर म्हणाला, ‘‘आईनं सांगितलंय, दुसऱ्याचा डबा मोकळा धाडू नये.’’ आजीनं घरी डबा उघडला आणि आत हुलगे. आमच्याकडं हुलगे बैलांना, असं तेव्हा मानत. आजी बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, ‘‘ह्यातलं आणखी कोण तरी खातंय.’’ दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या वाढल्या. किती वाढल्या ते सांगणाऱ्यागणिक बदलतं. आत्या चार म्हणते, नाना दोन म्हणतात. भाकरी थापायला आत्या बसायची, तेव्हा तिचा आकडा मी धरते.

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून गेलेले. कोयनेचा भूकंप. सागरमाळावरची पोरं अंगावरच्या घोंगड्यानिशी बाहेर पळाली आणि थंडीत कुडकुडत उजाडेपर्यंत माळावर बसून राहिली. कुणी ट्रंक उचलून आणलेली, कुणी प्रवेशपत्र, आणि एकानं म्हणे भीतीच्या भरात उशी. पाटणकडची पोरं सगळ्यांत गप्प होती, कारण हादरा कुठून आला हे दिवस वर येईपर्यंत कळू लागलं होतं. कोयनानगर पडलं होतं. आमच्या गावात भिंतींना भेगा गेलेल्या, माणसं अंगणात. आजीनं त्या गडबडीत तीन दगडांवर तवा ठेवला आणि मुक्कामी गाडी सुटायच्या आत डबा दिला. पत्र पोचायला चार दिवस, तारेला पैसे. संध्याकाळी सगळं गाव गाडीची वाट बघत उभं. डब्यात चिठ्ठी होती. आजोबा चष्मा शोधू लागले तोवर आजीनं झाकण काढून आत बोट फिरवलं. ‘‘वाचताय काय? खर्डासुदिक चाटून खाल्लाय. पोरं धड हायत.’’

बहात्तरात पार्टनरचं पत्र आलं. तो आता तिकडंच मास्तर झाला होता. धाकट्या बहिणीला एम. ए.ला घालतोय, तुमच्या बहिणीलाही पाठवा, दोघी एका खोलीत राहतील. आत्याला शहरात एकटं ठेवायला आजी तयार नव्हती. ‘‘हुलग्यावाल्याची भण हाय व्हय? मग जाऊ दे.’’ आमच्या घरातली पहिली मुलगी विद्यापीठात गेली ती अशी.

ते दुष्काळाचं वर्ष. आमच्याकडं कमी, पण माणदेशात, जतेत, आटपाडीत पाणी म्हणून नव्हतं. रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो. त्याची भाकरी थापताना फाटायची, खाताना घशात फिरायची. आत्या अजूनही तांबडी ज्वारी दिसली की तोंड फिरवते. सुट्टीत पार्टनरची बहीण, आता आत्याची मैत्रीण, गावी गेली आणि आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला बसली. दोन-तीन दिवसांनी मुकादमाला कुणीतरी सांगितलं की ही सोळावीत आहे. त्यानं तिला हजेरीपट लिहायला बसवलं. आत्याला हे कळलं ते ती परत आल्यावर, बोटांवरच्या चिंध्या बघून. तिनं येताना कामावर मिळणारी सुकडी आणली होती, कागदाच्या पुड्यात. लेडीज हॉस्टेलमधल्या मुलींनी ती चमच्या-चमच्यानं खाल्ली. कोरडी होती, ठसका लागायचा. पण गोड होती, असं आत्या म्हणते.

चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात मुख्य इमारतीसमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बसला. शिल्पकार बी. आर. खेडकर, अनावरणाला यशवंतराव चव्हाण. आत्या तेव्हा बी. एड. करत होती, दोघी गेल्या होत्या. गर्दीत तिला फेटेच फेटे दिसले. यशवंतराव काय बोलले ते आठवत नाही, पण परतताना राजारामपुरीत भडंग घेतलं ते आठवतं.

मी विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा पुतळ्याभोवती बाग झाली होती. के.एम.टी.ची बस वरपर्यंत यायची. कमवा आणि शिका आता विद्यापीठातही होतं. कुणी कार्यालयात, कुणी बागेत तास भरून शिकायचं. परीक्षा आली की बॅरिस्टर खर्डेकर ग्रंथालयात जागा धरायला सकाळी रांग. मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री सुट्टी, म्हणजे रात्री शेव-चुरमुरे. मी घरी आले की नाना कधी विचारायचे नाहीत, कुठला पेपर घेतलास, सर कोण. ‘‘मेस कशी हाय?’’ एवढंच. आता ऐंशीच्या पुढं गेलेत, तरी गावातलं पोरगं पाया पडायला आलं की हाच प्रश्न. ते बिचारं ‘‘बरी हाय’’ म्हणतं. नानांचा विश्वास बसत नाही. काकूला आत हाक जाते आणि पोराला जेवल्याशिवाय उठता येत नाही.

नानांचा पार्टनर आता नाही. आत्याची मैत्रीण मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. संक्रांतीला तिकडनं बाजरी, तीळ आणि हुलगे येतात, इकडनं नवा गूळ आणि तांदूळ जातो. कुरिअरनं दारात पोचतं असं भाच्यांनी समजावलं, पण दोघींनाही एसटीच पाहिजे. औंदा आलेले तीळ खवट आहेत, असं आत्याचं म्हणणं. मैत्रीण म्हणते, तीळ चांगले आहेत, तुझ्याच जिभेची चव गेली. जानेवारीपासून फोनवर भांडण चालू आहे, आणि आत्यानं पुराव्यादाखल मूठभर तीळ पुढच्या गाडीनं परत पाठवले आहेत, गुळाच्या ढेपेबरोबर.