मोरीचं पाणी जातं कुठे? घरगुती सांडपाण्याविषयी थोडक्यात

गोसेखुर्दच्या पाण्याचा विषय निघाला की पवनीत आपण सगळे नागपूरला बोल लावतो. ते खोटं नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येतं. पण आपल्या मोरीचं पाणीही नालीतून उताराने शेवटी त्याच नदीच्या खोऱ्यात जातं, हे आपण विसरतो.

सांडपाणी दोन प्रकारचं असतं. संडासातून येतं ते मैलापाणी. अंघोळ, वुजू, कपडे, भांडी आणि स्वयंपाकघराचं ते धूसर पाणी. घरात वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. म्हणजे पाच माणसांच्या घरातून रोज सुमारे २२० लिटर.

या पाण्यात काय असतं?

वुजूचं पाणी सगळ्यात कमी घाण. अंघोळीच्या पाण्यात साबण, केस, मळ असतो. कपड्यांच्या पाण्यात वॉशिंग पावडरचे क्षार असतात आणि बाळाचे लंगोट धुतले तर विष्ठेतले जंतूही. भांड्यांच्या पाण्यात तेल, चरबी, शितं असतात. हे पाणी सगळ्यात लवकर सडतं. धूसर पाणी एका दिवसापेक्षा जास्त साठवलं की त्याला वास सुटतो, जंतू वाढतात.

धोका काय?

तुंबलेल्या नालीत क्युलेक्स डास वाढतो आणि तोच हत्तीरोग पसरवतो. आपला भंडारा जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यात येतो. सुजलेला पाय पूर्ववत होणं फार कठीण असतं. सरकारी मोहिमेतल्या गोळ्या जरूर घ्याव्यात, पण दारासमोरचं डबकं तसंच राहिलं तर डास राहणारच.

उपाय काय?

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले, उघड्या नाल्यांची गरज संपवली आणि डासमुक्त गाव म्हणून नाव मिळवलं. खड्डा साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल. मध्ये वरच्या भागात भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-विटांचे तुकडे. गाळ टाकीच्या तळाशी बसतो, पाणी भोकांतून जमिनीत मुरतं. टाकी अधूनमधून साफ करावी लागते. खेड्यातल्या घरांनी रोजगार हमीतून हे काम होईल का, ते ग्रामपंचायतीत विचारावं.

मात्र विहीर किंवा हातपंपापासून खड्डा किमान ३० फूट दूर हवा. काळ्या चिकण मातीत पाणी हळू मुरतं, तिथे खड्डा मोठा लागतो. नदीकाठी पावसाळ्यात भूजल वर येतं, तिथे खोल खड्डा नको. भांड्यांचं पाणी आधी जाळीतून जाऊ द्या, नाहीतर चरबीने खड्डा बुजतो. कुर्बानीच्या दिवशी रक्त-चरबीचं पाणी यात अजिबात सोडू नका.

जागा असेल तर अंघोळीचं पाणी केळी, पपई, लिंबाच्या बुंध्याशी सोडा. कच्ची खायची कोथिंबीर, पालक यांना मात्र नको. नागपूरच्या नीरी संस्थेने युनिसेफसोबत मध्य प्रदेशातल्या आश्रमशाळांत अंघोळीचं पाणी गाळून संडास धुवायला वापरलं. त्याची मार्गदर्शिका २००७ साली निघाली.

आपल्या मशिदींत वुजूचं पाणी वेगळ्या पाइपने काढणं त्याहून सोपं आहे. ते झाडांना द्या, नाहीतर शोषखड्ड्यात सोडा. आणि नळ बारीक ठेवा. हुजूर (स.) एका मुद्दमध्ये, म्हणजे पाऊण लिटरच्या आत वुजू करत, अशी हदीस आहे. पाणी कमी वापरलं की सांडपाणीही कमीच होणार.

या जुम्म्याला नमाजहून परतताना आपल्या घराची नाली कुठे जाते, तेवढं शेवटपर्यंत चालत जाऊन बघा. मुलांनाही सोबत घ्या.