गंजदुरुस्ती, जमिनीवरील जलतरण तलावाची
अमेरिका व कॅनडा येथील घरांच्या परसात जमीन न खोदता उभारल्या जाणाऱ्या जलतरण तलावाची भिंत सहसा जस्तलेपित पोलादाच्या पातळ पन्हळी पत्र्याची असून, प्रत्यक्ष पाणी धरून ठेवण्याचे काम तिच्या आतील व्हिनाइलचे अस्तर करीत असते. स्किमरच्या (पाण्यावरील कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतील झडपेच्या) झिजलेल्या गॅस्केटमधून झिरपणारी ओल, किंवा पायथ्याशी साचलेली दमट माती, जस्ताचा थर क्षीण करून पोलादापर्यंत पोहोचली म्हणजे गंज चढू लागतो. आणि तो बहुधा अस्तराआड वाढत असल्यामुळे, बाहेरील रंगावर फोड व तांबूस ओघळ उमटेपर्यंत घरधन्यास त्याची वार्ताही लागत नाही.

गंज वरवरचा असल्यास तारेच्या ब्रशाने व पॉलिशपेपरने घासून चकचकीत धातू उघडा करावा आणि जस्तयुक्त प्रायमरवर रंग द्यावा. पत्र्यास आरपार भोक पडले असल्यास मात्र तलाव रिकामा करून, अस्तर बाजूस सारून, भोकाहून चहूबाजूंनी मोठे असे जस्तलेपित पत्र्याचे ठिगळ सीलंट व रिव्हेट यांनी पक्के बसवावे लागते. रिव्हेटच्या डोक्याने वा पत्र्याच्या कडेने अस्तर फाटू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी चढविण्याची खबरदारी अवश्य घ्यावी. मूळ गळती कायम ठेवून केलेली दुरुस्ती व्यर्थ होय.

१.२ मीटर खोल पाण्याचा तळाशी दर चौरस मीटरवर सुमारे १,२०० किलोग्रॅम भार पडतो, भिंतीच्या पायथ्यावरही तितकाच दाब येतो व कमकुवत भिंत अकस्मात फाटू शकते. म्हणून पायथ्याशी किंवा उभ्या सांध्याच्या बोल्टांपाशी पत्रा लांबवर खाल्ला गेला असल्यास ठिगळाचा मोह टाळून संपूर्ण भिंतच बदलावी.