कागदाबाहेरचा झोका

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले. त्यांच्याबरोबर रायपुरात आलेली मराठी मात्र राहिली. दिवाळीनंतर राऊत नाच्यात घुमणारी मोहरी तिच्याही कानांची झाली. पुरानी बस्तीसारख्या जुन्या वस्तीत ती मोहरी ऐकताना आयर्लंडचा जिग आठवतो. दोन्हीकडे शिकायचे ते वडीलधाऱ्या वादकाशेजारी बसून.

इंग्लंडात १८४३ साली रॉबर्ट क्लार्कने पत्र्याची शिट्टी बनवायला घेतली आणि सहा भोकांचे हे वाद्य गरिबाच्या हाती आले. पुढे शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ मध्ये १८५० आयरिश चाली छापल्या. त्यांना स्वतःला स्वरलेखन येत नव्हते; ते वाजवून दाखवत, जेम्स ओनील टिपून घेत.

जिगच्या मात्रा सहा, तीन-तीनच्या, आपल्या दादऱ्यासारख्या. कागदावर त्या सारख्या दिसतात. वाजवताना पहिली रेंगाळते, दुसरी आखडते. हा झोका कानानेच उचलावा लागतो. म्हणजे ओनीलच्या चालींना दोन आधार मिळाले: पुस्तक आणि वादक. मोहरीच्या चालींना बहुधा वादकाचाच आधार. त्याच्याशेजारी आज कोण बसते, यावरच त्यांचे उद्या ठरेल.