‘दुरुस्त न होणारी’ बाळे : एका शस्त्रक्रियेचा इतिहास

१/
१९५५ साली जपानच्या सेंदाई शहरात, तोहोकु विद्यापीठाच्या रुग्णालयात, ७२ दिवसांच्या एका अर्भकाचे पोट उघडण्यात आले. बाळाला जन्मापासूनची कावीळ होती. शल्यचिकित्सक होते मोरिओ कासाई, वय अवघे तिशीतले. यकृताच्या तळाशी, जिथून पित्तनलिका बाहेर पडायला हवी, तिथे नलिका नव्हतीच. होता तो केवळ तंतूंचा एक घट्ट गोळा. त्या काळच्या वैद्यकशास्त्रानुसार पुढे करण्यासारखे काही उरले नव्हते.

२/
हा आजार म्हणजे बिलिअरी अट्रेसिया. यकृतात तयार होणारे पित्त नलिकांवाटे आतड्यात उतरते. मलाला पिवळा-तपकिरी रंग येतो तो त्यामुळेच. या आजारात जन्माच्या सुमारास नलिका सुजतात, आवळत जातात आणि बंद होतात. पित्त यकृतातच तुंबते व यकृत आतून निबर होऊ लागते. बाळाचे डोळे पिवळे, लघवी गडद आणि शी मात्र पांढुरकी, खडूसारखी. उपचार न झाल्यास बहुतेक बाळे दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात. हे का घडते, याचे निश्चित उत्तर आजही मिळालेले नाही.

३/
या व्याधीची पहिली पद्धतशीर नोंद एडिंबरोच्या जॉन थॉमसन यांची. १८९०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी सुमारे ५० रुग्णांच्या हकिकती एकत्र केल्या. वाचताना जाणवते ते असे, की ती एका अर्थाने मृतांची यादीच आहे.

४/
नंतर १९१६ साली अमेरिकेत होम्स यांनी शंभरांहून अधिक रुग्णांचा अभ्यास मांडला. काही बाळांत यकृताबाहेर नलिकेचा एखादा उघडा, पित्ताने भरलेला तुकडा शिल्लक असतो. तो आतड्याला जोडता येईल, असा त्यांचा निष्कर्ष. अशी बाळे सुमारे १६ टक्के. येथून दोन शब्द रूढ झाले : ‘दुरुस्त होण्याजोगा’ आणि ‘दुरुस्त न होणारा’ प्रकार. १९२८ साली बोस्टनच्या विल्यम लॅड यांनी पहिल्या गटातील काही बाळे शस्त्रक्रियेने वाचवून दाखवली आणि विभागणी आणखी पक्की झाली.

५/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. ‘दुरुस्त न होणारा’ हे निदान नव्हते, तो त्या काळच्या हत्यारांविषयीचा आणि कल्पनाशक्तीविषयीचा शेरा होता. पण पाठ्यपुस्तकात शिरलेला शेरा पुढच्या पिढीला निसर्गनियमासारखा भासू लागतो. पुढची जवळपास चाळीस वर्षे शल्यचिकित्सक पोट उघडत, नलिका शोधत आणि ती न सापडल्यास पुन्हा टाके घालत.

६/
आता पुन्हा सेंदाईत येऊ. तो तंतुमय गोळा सोडवताना यकृतद्वारापाशी, म्हणजे रक्तवाहिन्या यकृतात शिरतात त्या खाचेत, रक्तस्राव सुरू झाला आणि थांबेना. कासाईंनी आतड्याचा आरंभीचा भाग वर ओढून त्या जखमेवर बसवला. उद्देश एवढाच, की रक्त थांबावे. पित्त वाहील अशी अपेक्षा कोणालाच नव्हती. आणि काही दिवसांनी बाळाच्या शीला रंग आला.

७/
ही गोष्ट ‘योगायोगाने लागलेला शोध’ म्हणून सांगितली जाते. मला ते अर्धसत्य वाटते. रक्तस्राव हा योगायोग खरा. परंतु त्यानंतरची वर्षे योगायोगाची नव्हेत. कापून काढलेला तंतुमय भाग कासाई आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. डोळ्यांना भरीव दिसणाऱ्या त्या गोळ्यात केसाहून बारीक नलिका होत्या, आणि त्या यकृताच्या आतल्या जाळ्याशी जोडलेल्या होत्या. गोळा यकृताच्या पृष्ठभागालगत छाटला की त्यांची तोंडे उघडी पडत.

८/
यातून शस्त्रक्रिया घडली. बंद नलिकांचा सारा अवशेष छाटायचा, लहान आतड्याचा एक पदर वर आणायचा आणि त्याचे तोंड यकृतद्वाराभोवती शिवायचे. नलिकेला नलिका जोडायचीच नाही. पित्त जिथून झिरपेल तिथे आतड्याची ओंजळ धरायची! आजही जगभर ती ‘कासाई शस्त्रक्रिया’ याच नावाने ओळखली जाते.

९/
सूक्ष्मदर्शकाने आणखी एक गोष्ट दाखवली, ती अधिक कठोर होती. बाळ जितके मोठे, तितक्या या सूक्ष्म नलिका विरळ. म्हणजे हा आजार घड्याळ लावून बसलेला. आज साधारण ६० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी असे मानतात, त्यामागचे कारण हेच.

१०/
कासाईंनी हे काम १९५९ साली प्रसिद्ध केले, जपानी भाषेत. इंग्रजीतील त्यांचा सविस्तर लेख आला १९६८ मध्ये. नऊ वर्षे! गंमत म्हणावी की शोकांतिका, त्याच १९६८ साली अमेरिकेत थेलर आणि गेलिस यांनी नेमका उलट सल्ला दिला : चार महिन्यांपर्यंत पोट उघडू नये. त्यांचा हेतू वाईट नव्हता. कावीळ झालेल्या कित्येक बाळांना केवळ यकृतदाह असतो, तो आपोआप बरा होतो, आणि अशा बाळांना चिरफाडीने अपाय होतो, हे त्यांचे निरीक्षण होते. पण खऱ्या अट्रेसियाच्या बाळासाठी तेच चार महिने जीवघेणे.

११/
पाश्चात्त्य शल्यचिकित्सकांचा कासाईंच्या निकालांवर प्रारंभी विश्वास बसला नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेतील जॉन लिली, पीटर ऑल्टमन आदींनी ही शस्त्रक्रिया स्वतः करून पाहिली, तेव्हा कुठे चित्र पालटले. भाषेची भिंत हे अविश्वासाचे एकमेव कारण होते, असे मी म्हणणार नाही. तिने अविश्वासाला सोय मात्र करून दिली.

१२/
तथापि कासाई शस्त्रक्रिया हा पूर्ण उतारा नव्हे. सुमारे निम्म्या बाळांचीच कावीळ ओसरते, आणि त्यांतील अनेकांचे यकृत पुढे थकतेच. दुसरी वाट प्रत्यारोपणाची. मानवी यकृताचे पहिले प्रत्यारोपण १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी केले. रुग्ण होता बिलिअरी अट्रेसिया झालेला तीन वर्षांचा मुलगा. तो शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गेला. प्रत्यारोपण खऱ्या अर्थाने भरवशाचे झाले ते १९८०च्या दशकात, सायक्लोस्पोरिन हे औषध आल्यावर.

१३/
जपानमध्ये पेच वेगळाच होता. मस्तिष्कमृत्यूनंतरच्या अवयवदानाचा कायदा तेथे १९९७ साली झाला. तोवर जपानी बाळांनी काय करायचे? १९८९ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे रसेल स्ट्राँग यांनी एका जपानी मातेच्या यकृताचा तुकडा तिच्या बाळाला बसवला. जिवंत दात्याकडून झालेले हे पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण. त्याच वर्षी खुद्द जपानमध्येही वडिलांच्या यकृताचा भाग त्यांच्या बाळाला देण्यात आला. यकृत पुन्हा वाढते, म्हणूनच हे शक्य होते.

१४/
आपल्याकडे १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाल्यानंतर, नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत अपोलो रुग्णालयात एका २० महिन्यांच्या बाळाला वडिलांच्या यकृताचा भाग बसवण्यात आला. भारतातील हे बालकाचे पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण. आजार? पुन्हा बिलिअरी अट्रेसिया. तो मुलगा मोठा होऊन स्वतः डॉक्टर झाला.

१५/
(थोडे विषयांतर. कासाई पट्टीचे गिर्यारोहक होते. १९८६ साली तिबेटमधील ७,१६२ मीटर उंचीचे न्येनचेन तांगल्हा शिखर तोहोकु विद्यापीठाच्या चमूने प्रथमच सर केले, त्या मोहिमेचे नेते तेच. वय साठीपलीकडचे. २००८ साली त्यांचे निधन झाले.)

१६/
या इतिहासातील सर्वांत स्वस्त शोध शेवटी. १९९४ साली जपानच्या तोचिगी प्रांतात मातांना एक छापील कार्ड वाटण्यात आले. त्यावर शीच्या रंगांची चित्रे होती. बाळाची शी फिक्या रंगांशी जुळली तर लगेच डॉक्टरांना कळवायचे. तैवानने २००४ पासून हे कार्ड देशभर दिले आणि तेथे वेळेत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचे प्रमाण वाढले.

१७/
आपल्याकडे तान्ह्या बाळाची कावीळ म्हटली की कोवळे ऊन दाखवा, माळ घाला, उतरेल, असे सांगणारे घरोघरी भेटतात. बहुतेक बाळांची ती उतरतेही, म्हणूनच तर फसगत होते. अनेक बाळे शल्यचिकित्सकापर्यंत पोहोचतात तोवर ६० दिवस उलटून गेलेले असतात. दोन आठवड्यांनंतरही टिकलेली कावीळ आणि पांढुरकी शी दिसली, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठावा.