पट

परवा 'संत तुकाराम' पुन्हा पाहिला. 1936 चा हा बोलपट मला आजही आपला सर्वोत्तम चित्रपट वाटतो, तो पागनिसांच्या तुकोबांइतकाच गौरीच्या रोखठोक जिजाईमुळे. तिच्या रागात घर चालवणाऱ्या बाईचा खरेपणा आहे.

तेव्हापासून 'पट' हा शब्द डोक्यात घोळतो आहे. संस्कृतात पट म्हणजे कापड. कापडावर चितारलं की तो चित्रपट; कॅमेऱ्याच्या कित्येक शतकं आधीचा हा शब्द. 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकात चाणक्याचा हेर यमपट, म्हणजे यमाची चित्रं रंगवलेलं कापड, घेऊन घरोघर फिरतो. चित्रं दाखवत गाणं म्हणायचं आणि बातमी काढायची! म्हणजे चित्र, आवाज आणि कथानक यांची सांगड तेव्हाच घातली गेली होती.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर नाटकांचे पडदे रंगवता रंगवताच सिनेमाकडे वळले. 'संत तुकाराम'चे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल त्यांच्याच तालमीतले. कापडाचं नातं असं थेट पोचतं. ('पडदा' मात्र फारसीतून आला.)

1931 साली 'आलम आरा' बोलला, पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला. टॉकीला आपण बोलपट म्हटलं, आणि आधीची मुकी चित्रं मूकपट ठरली.

आता सगळेच चित्रपट बोलतात, त्यामुळे बोलपट जुन्यांपुरता उरला. बोलताना आपण 'पिक्चर' किंवा 'मूव्ही' म्हणतो. पण नवा प्रकार आला की मराठी अजून पटाकडेच वळते: लघुपट, माहितीपट, भयपट, आणि अलीकडे जिकडेतिकडे चरित्रपट.