मे महिन्याची शेवटची बोट

यंदा शाळा सुरू होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच आमच्या सूनबाईंनी नातीच्या शाळेची वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवली. दिवाळीत कोठे जायचे, नाताळात कोठे, मे महिन्यात कोठे, याची खलबते सुरू झाली. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी करता येई. नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले. तेव्हा कोणत्या तारखेला सकाळी आठाच्या ठोक्याला फोन हातात घेऊन बसायचे, तेही यादीच्या समासात लिहून झाले. मी म्हटले, "सूनबाई, लग्नाचे मुहूर्तसुद्धा इतक्या बारकाईने काढीत नाहीत हो!" ती हसली. मला मात्र माझ्या आईची आठवण झाली. तीही असेच हिशेब करी, पण पंचांगाच्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीने.

शाळेची सुट्टी पाहून घराने प्रवासाला निघावे, ही रीत आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की ती अनादी असावी असे वाटते. पण तिचे वय फार नाही. पंतोजींच्या शाळेत सुट्टी असे ती अनध्यायाची: प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा. एकेका दिवसाच्या त्या सुट्टीत कोण कोठे जाणार? माणसे प्रवास करीत नसत असे नव्हे. वारीला जात, जत्रेला जात, लग्नकार्याला जात, पोटापाण्यासाठी तर फारच लांब जात. वरसईचे विष्णुभट गोडसे ग्वाल्हेरकडच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने काकांबरोबर उत्तरेस निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले, ही हकीकत त्यांच्या 'माझा प्रवास'मुळे आपल्याला ठाऊक आहे. या साऱ्या प्रवासांचे पंचांग देवाचे, पिकाचे नाही तर कर्जाचे होते. मुलांच्या शाळेचा त्यात काही संबंध नव्हता.

इंग्रज आला आणि त्याला आपला उन्हाळा सोसेना. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर वसवले आणि पुढे उन्हाळ्यात गव्हर्नरांचा मुक्काम तेथे हलू लागला. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली माथेरानवर चढला. न्यायालयांना उन्हाळ्याची लांब सुट्टी, विद्यालयांनाही उन्हाळ्याची लांब सुट्टी. वकील, मास्तर आणि विद्यार्थी असे एकाच वेळी मोकळे झालेले घर आपल्या समाजात प्रथमच दिसू लागले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८६३ साली ती बोरघाट चढली आणि १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या खटपटीने नेरळहून माथेरानची छोटी गाडीही सुरू झाली. 'हवापालट' हा शब्द सुखवस्तू घरांतून रुळला तो या काळात.

पण हवापालट करणारे थोडे. गिरणीतल्या कामगाराला आठवड्याची रविवारची सुट्टी मिळाली तीच मुळी १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. तो कोकणात जाई तो पगार बुडवून, आपल्या जागी बदली कामगार ठेवून. शिमग्याला, गणपतीला, किंवा पावसापूर्वी घर शाकारायला. त्याच्या रजेचे आणि मुलांच्या सुट्टीचे जमले तर नशीब. पगारी रजा, १९४८ साली सुरू झालेली एस. टी., १९५६ पासून केंद्र सरकारच्या नोकरांना मिळू लागलेली प्रवासाची सवलत, अशा पायऱ्यांनी ही चैन खाली उतरत उतरत गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांपर्यंत आली. मात्र आमच्या घरी तिला चैन असे कोणी म्हणत नसे. तिचे नाव होते 'आईचे माहेर'.

आईचे माहेर देवगडच्या बाजूला. जायचे ते भाऊच्या धक्क्यावरून, बोटीने. वळकट्या, ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा घेऊन आम्ही डेकवर जागा धरीत असू. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग अशी बंदरे घेत बोट जाई. बंदराबाहेर उभी राही आणि उतारूंना हेलकावत्या पडावात उतरावे लागे. खलाशी मुलांना हातोहात खाली देत. आईचा जीव तेवढा वेळ थाऱ्यावर नसे. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन गटारीच्या दिवशी, रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंवर माणसे गेली, हे त्या वेळच्या कोकणी घरांतून कोणी विसरले नव्हते.

या बोटींना समुद्राचे बंधन. मे महिन्याच्या अखेरीस पावसाळ्यासाठी कोकणची वाहतूक बंद होई. शाळा उघडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे सुट्टी शाळेने दिलेली असली तरी तिची शेवटची दहा-बारा दिवसांची शेपटी समुद्र कापून घेई. शेवटची बोट चुकली की एस. टी.ने घाट चढून कोल्हापूर, तेथून पुण्यास गाडी बदलून मुंबई. मुलांना घेऊन तो वनवास आणि वर खर्च. आई जानेवारीपासून आकडेमोड करी. परीक्षा कधी संपते, निकाल कधी, वडिलांची रजा किती, पापड-कुरडया आणि वर्षाचा मसाला कोणत्या आठवड्यात, आणि शेवटची बोट कोणती. या बेरीज-वजाबाकीत जे दिवस उरत ते तिचे माहेर. वर्षाला कधी अठरा, कधी बावीस.

१९५८ सालची गोष्ट. मी आठवीत होतो. चैत्रात मामाचे पत्र आले: "आप्पांची प्रकृती जरा नरम आहे, काळजीचे कारण नाही, सुट्टी लागली की येणे." माझी परीक्षा चार दिवसांवर आलेली, धाकट्या भावाची त्याच्या पाठोपाठ. वडील म्हणाले, "तू हो पुढे, मुलांचे मी बघतो." एप्रिलात बोटी चालूच होत्या, तिला दुसऱ्या दिवशीही निघता आले असते. आईने पंचांगाचे पान काढले, हिशेब केला आणि म्हणाली, "शनिवारपर्यंत पेपर संपतात. रविवारी सगळेच निघू."

शुक्रवारी माझा भूमितीचा पेपर होता. सकाळी आईने नेहमीसारखा डबा दिला, हातावर दही घातले, पट्टी-कंपास घेतलास ना म्हणून विचारले. दुपारी परत आलो तेव्हा चाळीतल्या बायका आमच्या खोलीत बसलेल्या होत्या. तार पहाटेच आली होती. माझा पेपर होईपर्यंत तिने ती कनवटीला लावून ठेवली होती. शनिवारी भावाचा शेवटचा पेपरही तिने त्याला देऊ दिला.

रविवारी आम्ही ठरल्या बोटीत बसलो. बेत एका दिवसानेही चुकला नव्हता.

यात दोष कोणाला द्यावा हे मला आजही सांगता येत नाही. शाळेने कोणाला अडवले नव्हते. वडिलांनी तर जा म्हटले होते. पण शाळेच्या सुट्टीने आपल्याला एक मोठी गोष्ट देताना आणखी एक गोष्ट नकळत करून ठेवली: घरातल्या बाईच्या जिव्हाळ्यालाही मुलांचे वेळापत्रक लावून दिले. पूर्वी सासू 'माहेरी जा' म्हणे तेव्हा जायचे. पुढे शाळा म्हणेल तेव्हा. हुकूम देणारे बदलले, हिशेब करणारी तीच राहिली.

आईने बेत आखणे पुढेही सोडले नाही. मात्र दुसऱ्या वर्षापासून, आजी होती तोवर, ती दर माघात आठ दिवस एकटी माहेरी जाऊन येई, भर शाळेच्या दिवसांत. वडील आम्हांला पिठले-भात करून घालीत आणि आम्ही तक्रार करीत जेवत असू.

पुढे त्या बोटीही बंद पडल्या. १९९८ साली कोकण रेल्वे मुंबईपासून थेट मंगळूरकडे धावू लागली आणि मेची अखेर व शेवटची बोट हे नाते तुटले. पावसाळ्यात तिच्या गाड्यांचा वेग कमी होतो, वेळापत्रकही वेगळे असते. पण पाऊस आता वाट अडवीत नाही. वाट अडवते ती दारावरची यादी.

सूनबाईंच्या आई रत्नागिरीला एकट्या असतात. यादीकडे बघत मी विचारले, "तिकडे कधी जाणार?" ती म्हणाली, "मेमध्येच जमेल, बाबा. मध्ये हिच्या चाचण्या आहेत ना." तेव्हा मी तिला भूमितीच्या पेपरची ही हकीकत सांगितली. ती काही बोलली नाही. पण दोन दिवसांनी पाहतो तो यादीवर ऑगस्टातल्या एका आठवड्याभोवती वर्तुळ काढलेले. त्या आठवड्यात शाळेला सुट्टी नव्हती. ती गेली, पाच दिवस राहून आली. इकडे नातीची चाचणी पार पडली. पिठले-भात मला येतो.